घरच्या माणसाची नळी

वहिनी, दहाव्याला रामकुंडावर कावळा इतक्या लवकर शिवला की माझी पंचाईत झाली. मी तयारी करून आलो होतो. मला वाटलं, कावळा काय लगेच येणार नाय. लोक एकेक करून पुढं होतील. दादा म्हणंल, मनूचं शिक्षण पुरं करतो. मनू म्हणंल, पप्पांना सांभाळते. तरी कावळा झाडावरच बसंल, आणि मंग मी पुढं होऊन हात जोडून म्हणंन, वहिनी, जातो मी टेस्टला. वाक्य पाठ केलं होतं. आयुष्यात माझं तेवढंच पाठांतर. पण गुरुजी पिंड ठेवून मागं सरकले नाय तोच कावळा आला, भातात चोच मारली आणि गेला. लोक म्हणले, बाई समाधानानं गेली, मागं काही ठेवलं नाय. मी आपला वाक्य तोंडात धरून उभा. खरं सांगू, मला राग आला. वर्षभर ज्या टेस्टवरून तुम्ही माझ्याशी भांडला, तिच्यात तुमचा जीव एवढासुद्धा अडकला नव्हता?

हे मी बोलतोय आणि मनू लिहितीय. तुमच्या लेकीशिवाय दुसरं कोण लिहिणार. शाळेत मी सुकडी मिळत होती तोवर गेलो. सुकडी बंद झाली, मी बी बंद झालो. मी ‘हाय’ म्हणलो की मनू ‘आहे’ लिहायला जाते. तिला म्हणलं, काकाचं तोंड जसं हाय तसं राहू दे, तुझ्या आईनं बी ते कधी दुरुस्तीला घेतलं नाय.

तुम्ही मोठ्या भावाची बायको, पण वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यामुळं मला अरे-तुरे करता येईना आणि तुम्हालाही. शेवटपर्यंत आपण एकमेकांना तुम्ही-तुम्ही करत भांडलो. बाहेरच्याला वाटायचं, किती रीतीभातीचं घर हाय.

देवळ्याहून तुम्ही आलात तेव्हा बी.एस्सी. झालेल्या होता आणि मळ्यात तुम्हाला कोथिंबीर आणि शेपू यातला फरक सांगायला मला ठेवला होता. मी मुद्दाम उलटा सांगितला. चार दिवसांनी दादाच्या डब्यात कोथिंबिरीची भाजी आली. दादानं न बोलता खाल्ली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मला काहीच बोलला नाय. फक्त त्यानंतर माझ्या चहात कधी साखर असायची, कधी मीठ, आणि विचारलं की म्हणायच्या, ‘भाऊजी, मला काय माहीत, मला दोन्ही पांढरं सारखंच दिसतं.’

आधी तुम्ही स्कॅन सेंटरला होता. ते काम मळ्याला कळत होतं. माणूस आत झोपवायचा, मशीन चालवायचं. पुढं इंदिरानगरच्या त्या ऑफिसात लागला, ते काही कळंना. कुणी विचारलं तर दादा सांगायचा, ‘ती कंप्युटरवर असते.’ मी सांगायचो, ‘वहिनी रांगोळी काढतात. काळजाची. पगारी.’

मंग त्या खंडेनवमीला तुमच्या ऑफिसच्या कंप्युटरांना हार घालायचे म्हणून झेंडू घेऊन मीच आलो. तुमच्या टेबलावर काळ्या पडद्यात एक गोल होता, त्यात अजून एक गोल.

‘सांगा भाऊजी, काय दिसतं?’

‘कांदा. आडवा चिरलेला.’

सगळं ऑफिस हसलं. तुम्ही हसला नाय. म्हणला, ‘मला पण पहिल्या दिवशी कांदाच वाटला होता. देवळ्याची ना मी, कांद्याच्या गावची.’ आणि मंग तुम्ही मला समजावलं, जसं मनूला समजवायच्या तसं. नाव-गाव काढून टाकलेला कुणी एक माणूस. त्याच्या छातीच्या गाजरासारख्या चकत्या. प्रत्येक चकतीत काळजाची नळी म्हणजे एक टिपका. कंप्युटर आधी आपल्या मनानं दोन रेघा मारतो. आतल्या रेघेच्या आत रक्त वाहतं. बाहेरच्या रेघेवर नळीची भिंत संपते. दोन रेघांच्या मधी जे साठलंय तो आजार. कंप्युटरची रेघ चुकली की तुम्ही ती माऊसनं सरकवायची. तुम्ही सरकवत राहिला की तो हळूहळू शहाणा होतो.

‘आणि तुम्हाला बी नाय दिसली तर?’

‘तर तिथं राखाडी रंग भरायचा. राखाडी म्हणजे दिसत नाही.’

‘दिसत नाय म्हणायचा पगार देतात?’

‘अंदाजानं रेघ मारली तर तो अंदाजच शिकेल. मग कुणाच्या तरी छातीवर तोच अंदाज चालवेल.’

मला ते पटलं नाय. मी बाजारात बसणारा माणूस. आजवर गिऱ्हाईकाला मी माहीत नाय असं म्हणलोच नाय. मेथी कधी काढली विचारलं तर दिवस सांगतो, खत कुठलं विचारलं तर नाव सांगतो. एकदा एका बाईनं सत्यनारायणाची तिथी विचारली, ती बी सांगितली. तिनं पूजा केली असंल त्या दिवशी. देवानं चालवून घेतलं असंल.

त्याच दिवशी तुम्ही मला आणखी एक दाखवलं. नळीच्या भिंतीत पांढरा, लखलखीत ठिपका. म्हणला, हे कॅल्शियम, कडक झालेलं. हे आपल्याच उजेडानं फुगून दिसतं, असतं त्यापेक्षा मोठं. कंप्युटर त्याला घाबरतो आणि नळी अरुंद काढतो. आणि जे मऊ असतं, काळपट, ते भिंतीत गपचूप बसतं. ते याच्या नजरेतून सुटतं. मी नुसती मान हलवली. पण पहिलं अर्धं मी नीट लक्षात ठेवलं. पुढं वापरायला.

आता चढाचं सांगतो. आपल्या विहिरीपासून वरच्या रस्त्यापर्यंत, जिथं टेम्पो लागतो तिथवर, चढ हाय. फ्लॉवरच्या क्रेट घेऊन मी निम्म्यात थांबायचो, क्रेट टेकवायचो आणि एखादा विनोद सांगायचो. निंदणीच्या बाया हसायच्या. दादा मागं असायचा, तो बी हसायचा. एका रविवारी तुम्ही बांधावर उभ्या होता. तुम्ही म्हणला, ‘भाऊजी, तुम्हाला विनोद चढावरच का सुचतात?’

मी म्हणलो, ‘उंचीवर हवा चांगली असते.’

‘खाली उतरताना एकदाही नाही सुचला. मी बघतेय कधीची.’

तेवढ्यावर तुम्ही मला धरून स्कॅनला नेलं. इतकी वर्षं माझे विनोद ऐकणारी माणसं होती. ते कुठं सांगतो हे बघणारं कुणी नव्हतं.

स्कॅनची मजा तर तुम्ही काचेमागून बघितलीच. दंडात औषध सोडल्यावर अंग असं गरम झालं की मला वाटलं, गेला पायजमा. मशीनमधली बाई म्हणली, ‘सांस रोकिए.’ रोखला. मंग ती ‘छोड़िए’ म्हणली. मला वाटलं कुणाला तरी सोडून द्या म्हणतीय, आपण कशाला मधी पडा. धरून बसलो. तुम्ही काचेवर टकटक करायला लागला तेव्हा सोडला.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणले, नळीत कॅल्शियम हाय, एका जागी अरुंद दिसतंय, हाताच्या नाडीतून बारीक नळी घालून आतून तपासावं लागंल. मी ऐकलं फक्त कॅल्शियम. कॅल्शियम म्हणजे चुना, हे तुम्ही मनूला दहावीला शिकवताना मी ओट्यावर बसून ऐकलेलं. म्हणजे झालं की. इतकी वर्षं तंबाखूला चुना लावून खातोय, तो तिथं जाऊन बसलाय. त्या दिवसापासून चुना बंद. तंबाखू नुसती, कोरडी. चव नाय, मजा नाय, पण जिवापुढं काय. बाजार समितीत मी चारचौघांत सांगितलं, बाबांनो, चुन्यानं नळ्या बुजतात. माझं ऐकून दोन हमालांनी चुना सोडला.

मोठ्या अभिमानानं तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्याला पदर लावून हसल्या. मला वाटलं, कौतुकानं. मंग पदर काढला तर चेहरा वेगळाच. ‘तंबाखू सोडायची होती, तुम्ही चुना सोडला. तुमले डोकं शे का नही?’

तुमच्या तोंडून अहिराणी दोनदाच निघायची. एक, आईशी फोनवर. दुसरी, खरंच घाबरल्यावर. तेव्हा मला कळलं की प्रकरण हसण्यातलं नाय. तंबाखूची पुडी तुमच्यासमोर पाटात टाकली. दुसऱ्या खिशातली राहिली, ती पुढं तुम्हीच हुडकून काढली.

पण टेस्टला मी तयार होईना. नाडीतून काळजापर्यंत नळी घालायची हे ऐकूनच मी नको म्हणलो. मंग मी वकील झालो. स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापत होता, मी दारात उभा.

म्हणलो, ‘वहिनी, पांढरं फुगून दिसतं असं तुम्हीच म्हणला होता. कंप्युटर घाबरतो म्हणला होता. माझं बी फुगूनच दिसलं असंल. ती सीडी घ्या, तुमच्या हातानं माझी नळी काढा, आणि सांगा काय ते. तुम्ही म्हणाल ते मान्य.’

‘मी डॉक्टर नाही.’

‘डॉक्टर तुमच्या रेघा बघतात की.’

‘मी नाही काढणार.’

‘परक्यांच्या काढता. घरच्या माणसाची एक काढायला काय होतं?’

तुम्ही भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघता बोलला. ‘घरच्या माणसाची मी रुंद काढीन, भाऊजी. जिथं भिंत आहे तिथं मला भिंत दिसायची नाही. मला रुंद हवीय म्हणून माझा हात रुंद काढेल, आणि मला कळणार पण नाही.’

आणि मी काय म्हणलो? मी म्हणलो, ‘मंग काढा की रुंद. बिघडलं कुठं?’

तुम्ही उलथनं खाली ठेवलं. ‘पडद्यावर रुंद झाली म्हणून आत होते का?’

मी रागानं न जेवता निघालो. पिठलं होतं, म्हणून परत आलो. पण बोलणं तिथंच तुटलं. मला वाटलं, बाईनं ऑफिसच्या नियमाचं निमित्त केलं. मला तेव्हा कळलं नाय की एवढं मायेचं कुणी मला उभ्या आयुष्यात बोललं नव्हतं.

सीडी तुमच्याकडंच राहिली, तुमच्या कपाटात. तुम्ही ती कधी एकट्यानं लावून बघितली का, मला माहीत नाय. आत्ता हे बोलल्यावर मनूनं लिहिता लिहिता मान वर केली. तिला म्हणलं, नको सांगू.

मंग तुमचंच दुखणं निघालं. पोटातलं. नळ्यांचा काही संबंध नाय. मला तर टाळायला कारणच मिळालं. डॉक्टर म्हणो, दादा म्हणो, मी म्हणायचो, ‘आधी वहिनींचं होऊ द्या.’ लोकांना वाटायचं, दीर किती जीव लावतो. तुम्ही मला पलंगाजवळ बोलावून हळूच म्हणला, ‘भाऊजी, माझ्या आजाराच्या मागे लपू नका. मी आता बारीक झालेय. तुम्ही मावणार नाही.’

मी हसलो. बाहेर येऊन जिन्यात बसलो.

नाशिक रोडच्या त्या दवाखान्यात दुपारी माणसं भेटायला यायची. नारळपाणी आणायची. ‘चेहरा सुधारलाय हं,’ ‘आज तेज दिसतंय,’ असं म्हणायची आणि खालच्या कॅन्टीनमध्ये जाऊन डोळे पुसायची. एकदा सगळी गेली. दादा औषधाच्या रांगेत होता. तुम्ही डोळे उघडून म्हणला, ‘खरं सांगा भाऊजी, मी कशी दिसते?’

जिभेवर तयार होतं. मी म्हणणार होतो, नव्या नवरीसारख्या, फक्त शेपू-कोथिंबीर ओळखणाऱ्या. तोंड उघडलं आणि ते आलंच नाय. मी म्हणलो, ‘वहिनी, मला माहीत नाय. तुमच्याकडं बघितलं की मला नीट दिसत नाय.’

मला वाटलं, चुकलं आपलं. मंग तुम्ही माझ्या हातावर हात ठेवला. तुमच्याआमच्यात तसं कधी नव्हतं, सगळं तोंडानंच असायचं. म्हणला, ‘बरं झालं. सगळे सांगून सांगून मला दमवतायत.’ आणि झोपलात. त्या दिवशी चांगल्या झोपलात. मी खुर्चीत बसून माशा हाकलल्या. एसीचा वॉर्ड, माशी एक नाय. तरी हाकलल्या.

नंतर पुन्हा आपण दोघंच असं बसायला मिळालं नाय. आभार मानायचे राहिले. कशाचे ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता थोडं सांगता येतंय.

दहाव्याला तुमच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या होत्या. फार रडल्या. मला म्हणल्या, ‘काका, मॅडम गेल्या असं म्हणू नका. आमचा प्रोग्राम त्यांच्याच रेघांवर शिकलाय. तो कुठंही चालला की त्यात मॅडम आहेत.’ चांगल्या मनानं बोलल्या. मी हात जोडले. पण वहिनी, मला नाय पटलं ते. तुमचं काम त्यात असंल, हजारो परक्यांच्या उपयोगी पडो. पण त्या कंप्युटरपुढं माझी नळी ठेवली तर तो सरळ रेघ मारंल. माझी रुंद असावी असं त्याला वाटणार नाय. तुम्हाला वाटत होतं, म्हणून तर तुम्ही हात लावला नाय. जे गेलं ते हे गेलं.

कावळा शिवून गेल्यावर मला वाटलं, सुटलो. शब्द दिला नाय, म्हणजे बांधलेलो नाय. पण झालं उलटंच. तुम्ही होता तेव्हा तुम्ही आठवण करायच्या आणि मी टाळायचो, दोघांचं काम चाललं होतं. आता आठवण करणारं कुणी नाय, तर टाळू कुणाला? एका सकाळी उठलो, कपडे केले, दादाला म्हणलो, ‘चल माझ्यासंगं.’ कुठं, असं त्यानं विचारलं नाय. तुम्ही गेल्यापासून तो कुणालाच काही विचारत नाय. ताट ठेवलं की जेवतो, बस म्हणलं की बसतो.

नवे डॉक्टर होते. मी विचारलं, ‘किती बंद हाय?’ ते म्हणले, ‘आत बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.’ आधीचा मी असतो तर म्हणलो असतो, ह्याला तर काहीच माहीत नाय, चला घरी. ह्या वेळी मला तो माणूस बरा वाटला. सही केली. माझी सही म्हणजे नाव आणि पुढं एक रेघ.

टेबलावर मी झोपलेलो. मनगटातून नळी घातली. दुखलं नाय, उगाच वर्षभर घाबरलो. वर पडद्यावर औषध सोडलं की काळ्या फांद्या उमटायच्या आणि विरायच्या. डॉक्टरांनी एका जागी बोट दाखवलं. फांदी तिथं दोऱ्यासारखी झाली होती. पांढरं फुगल्यामुळं तसं दिसत नव्हतं, खरीच अरुंद होती. ते म्हणले, स्टेंट आत्ताच टाकावा लागेल, नातेवाइकांना आत बोलवा, दाखवून विचारू.

दादा आत आला. डोक्याला ती हिरवी टोपी, पायात दुसऱ्याचीच चप्पल. डॉक्टरांनी त्याला पडद्यासमोर उभं केलं, दोन वाक्यात सांगितलं, आणि विचारलं, ‘टाकू ना?’ दादा म्हणला, ‘टाका.’ डॉक्टर म्हणले, ‘ठीक आहे, आता बाहेर बसा.’

दादा हलला नाय. पडद्याकडं बघत राहिला. सिस्टर म्हणली, ‘काका, चला.’

‘थोडं थांबू द्या,’ दादा म्हणला. ‘मनूची आई रोज हेच बघायची.’

डॉक्टरांनी पुन्हा एकदा औषध सोडलं. फांद्या उमटल्या, विरल्या. मंग दादा स्वतःच वळला आणि गेला. वहिनी, इतक्या वर्षांत तो तुमच्या ऑफिसची पायरी चढला नव्हता. त्याला वाटायचं, बायकोच्या कामाच्या जागी नवऱ्यानं जाऊ नये, लोक हसतात.

मला आता बरं हाय. चढ बी चढतो, गप्प. पण सांगायचं ते वेगळंच हाय. दवाखान्यातून घरी आल्यापासून दादा बोलायला लागलाय. संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन बसतो आणि तुमच्या कामाचं विचारतो. आतली रेघ म्हणजे काय. बाहेरची कशी ओळखायची. कंप्युटर चुकायचा तेव्हा ती काय म्हणायची. मी एकदाच आलेलो तुमच्या ऑफिसात, झेंडू द्यायला, पण त्याच्या मानानं मीच तज्ज्ञ. जेवढं ध्यानात हाय तेवढं सांगतो. तो ऐकतो, दुसऱ्या दिवशी येऊन त्याच्या पुढचं विचारतो.

काल म्हणला, ‘ते काळपट असतं, भिंतीत लपलेलं, ते तिला कसं दिसायचं रे?’

मी म्हणलो, ‘दादा, ते मी त्यांना विचारलंच नाय.’

दादा म्हणला, ‘मी पण नाही.’